काळे, काशीद, कासार

14 जुलै 2025, सोमवार
वाचनालयाच्या सभासद-नोंदणीचा फॉर्म आज टेस्टिंगला गेला. सभासदांना घरबसल्या पुस्तक राखून ठेवता यावं, वर्गणी यूपीआयने भरता यावी, एवढाच पसारा. दुपारी आमच्या टेस्टरने हाक मारली. ‘मदन’ हे नाव चालतं, ‘जोशी’ टाकलं की फॉर्म अडतो: नावात फक्त अक्षरं लिहा!

कारण लगेच सापडलं. युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातलं हलन्त ही अक्षरं नव्हेत, चिन्हं. त्यांचा गट निराळा. नाव तपासणाऱ्या तयार घटकात अक्षरांचा गट आहे, चिन्हांचा नाही. म्हणजे काना-मात्रा नसलेली नावं तेवढी आत, बाकी महाराष्ट्र बाहेर. दुरुस्ती एका ओळीची. पण जिथे मराठी नाव टाकून कुणी पाहिलंच नाही, तिथे माणसं निमूटपणे रोमनमध्ये नाव लिहीत असणार, याचं मला वाईट वाटतं.

16 जुलै, बुधवार
ग्रंथपालबाईंनी यादी पाहिली आणि म्हणाल्या, “काळे काशीदांच्या आधी कसे आले हो? आमच्या कार्डांत ते कासारांच्याही नंतर असतात.”

बाईंचं बरोबर आहे. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात मात्र तो ल ला लागून बसला आहे. निव्वळ संकेतांकांवर क्रम लावला की काळे पुढे सरकतात. मराठीसाठी क्रमवारीचे वेगळे नियम तयार आहेत. डेटाबेसला भाषा मराठी आहे एवढं सांगावं लागतं. आज सांगितलं.

17 जुलै, गुरुवार
एसएमएसचं गणित. रोमन लिपीत एका संदेशात 160 वर्णचिन्हं मावतात, देवनागरीत 70, आणि त्यात काना-मात्राही धरायच्या. सत्तरच्या वर गेलं की संदेशाचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे पडतात. वाचनालयाने तरी मराठीच निवडली. ‘आपले पुस्तक आले आहे. शनिवारपर्यंत न्यावे.’ आरामात बसतं.

19 जुलै, शनिवार
सकाळी अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपीवाल्या काकांकडे गेलो होतो. वाचनालयाची जुनी ग्रंथसूची त्यांनीच टाइप केलेली. फाइल उघडते, पण रोमन अक्षरांची खिचडी दिसते. “फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर हे असं,” काका म्हणाले. त्या काळच्या बऱ्याच फॉन्टमध्ये रोमन अक्षराच्या घरात देवनागरीचा आकार बसवलेला असे. संगणकाच्या लेखी तिथे मराठी नव्हतीच. प्रत्येक फॉन्टची घरं वेगळी, म्हणून प्रत्येकाचा तक्ताही वेगळा. काकांनी त्यांच्या फॉन्टचा छापील तक्ता प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला आहे. त्यावरून रूपांतराचा प्रोग्राम लिहिता येईल.

येताना सीडॅकचा विचार करत होतो. 1988 मध्ये पुण्यात सुरू झालेली ही संस्था लोकांना 1991 च्या परम 8000 महासंगणकामुळे माहीत आहे. पण आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या तंत्रज्ञानाचं काम इथेच वाढलं. आकार साठवण्याऐवजी वर्ण साठवायचा आणि भारतीय लिप्यांना एकच मांडणी द्यायची, ही त्यामागची दृष्टी. तीच इस्की या भारतीय मानकात आहे. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या 1988 च्या आवृत्तीवरून घेतली. आपण आज फोनवर मराठी लिहितो ती त्या पायावर. माझ्या मते हे काम परमइतकंच मोठं आहे, आणि पुण्यातल्या संगणकाच्या विद्यार्थ्यांना ते शिकवलं पाहिजे.

अर्थात, मराठीच्या सगळ्या गरजा तेव्हा भागल्या नाहीत. ॲ हा स्वतंत्र वर्ण युनिकोडमध्ये 2008 मध्ये आला, 5.1 या आवृत्तीत. तोवर लोक अ लिहून त्यावर चंद्र देत. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे. सूचीत ‘ॲड.’ शोधलं तर काही वकील लेखक सापडतात, काही लपून राहतात. आता नोंद साठवतानाच दोन्ही रूपं एक करायची असं ठरवलं आहे. शोधखिडकीतही तेच.

22 जुलै, मंगळवार
काकांच्या तक्त्यावरून पहिली पानं उतरली. ‘ऱ्ह’ दोन ठिकाणी चुकला होता, तो नीट केला. उरलेली सूची पुढच्या आठवड्यात.

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, कुठेही बसून नागरिकांसाठी सेवा लिहिणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती: फॉर्म खुला करण्याआधी त्यात ज्ञानेश्वर, कऱ्हाडे, ॲड. काळे ही नावं देवनागरीत भरून पाहा. ती स्वीकारली जातात का, शोधल्यावर सापडतात का आणि यादीत आपल्या जागी येतात का, एवढं तपासा आणि मगच सेवा लोकांच्या हाती द्या.