चादरीचा भाव

थंडीच्या तोंडावर रस्त्याच्या कडेला पथारीवाले चादरींच्या थप्प्या लावून ‘सोलापुरी, सोलापुरी’ असा पुकारा करू लागले, की ज्यांच्या घरी पांघरुणांची ददात नाही अशी माणसेही भाव ऐकून थबकतात. त्यांतल्या कित्येक चादरी सोलापुरात विणलेल्याच नसतात. त्या पानिपतकडून आलेल्या असतात. सोलापुरी चादरीच्या नावाला भौगोलिक निर्देशनाचे कायदेशीर संरक्षण आहे; पण फुटपाथवर त्याची अंमलबजावणी करणार कोण?

ज्याने अस्सल चादर वर्षानुवर्षे अंगावर घेतली आहे, त्याच्या हातांना ती ओळखू येते. जकार्ड मागावर दुहेरी विणलेली, म्हणून एका अंगाची नक्षी दुसऱ्या अंगावर रंगांची अदलाबदल करून उमटलेली. भिजल्यावर पिळावयास दोन माणसे लागावीत इतकी भारी. आणि प्रत्येक धुण्यागणिक अधिकाधिक मऊ होत जाणारी. पुढे विरली तरी गोधडीच्या पोटात शिरून ती आणखी कित्येक हिवाळे निभावते.

तेलंगणातून येऊन पिढ्यान्‌पिढ्या सोलापुरात स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांचे हे कसब. घाऊक व्यापारी जेव्हा आणखी भाव उतरविण्याचा तगादा लावतो, तेव्हा सुताचा आणि विजेचा दर कारखानदाराच्या हाती नसल्यामुळे कात्री अखेर मजुरीलाच लागते. आणि म्हणूनच तिथल्या अनेक मागांवर आता चादरीऐवजी टॉवेल निघतात.

उसाच्या फडाशेजारी पालात राहणाऱ्या मजुराने लेकरासाठी मिळेल ते स्वस्त पांघरूण घेतले, तर त्याला बोल लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. स्वस्ताई ही त्याची निकड आहे. माझे गाऱ्हाणे आहे ते आम्हा दरमहा पगार घेणाऱ्यांविषयी, ज्यांना एक उत्तम चादर सहज परवडते आणि तरीही जे किफायतीच्या समाधानात तीन निकृष्ट चादरी घरी आणतात. आमच्या आज्या कापड उजेडाकडे धरून वीण पाहत, रंग पक्का आहे ना म्हणून खोदखोदून विचारीत, आणि मगच कनवटीचा पैसा काढीत. ती पारख आम्ही गमावली आहे. जिथे गिऱ्हाईक भावाखेरीज दुसरे काहीच विचारीत नाही, तिथे दुहेरी वीण घालणाऱ्या बापाने आपल्या मुलाला मागावर बसवावे ते कोणत्या आशेने?