थ्रेड सोडताना

विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंद सिंघजी संस्थेत शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट निवडताना वर्गातल्या बहुतेकांनी अ‍ॅप नाहीतर वेबसाइट घेतली. मी चालता प्रोग्राम थांबवून आतलं दाखवणारी डीबगिंग लायब्ररी लिहायला घेतली. कारण लातूरचं होतं. मार्केट यार्डात माझ्या काकांची आडत आहे. सोयाबीनच्या हंगामात काट्याचा प्रोग्राम मध्येच गोठायचा. वजन पडद्यावर अडकून राहायचं, मागं गाड्यांची रांग लागायची. मग आडतीवरचा मुलगा कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचा आणि सगळं सुरळीत व्हायचं. पण काय बिघडलं होतं त्याचा मागमूसही पुसला जायचा. मला तो प्रोग्राम न मारता बघायचा होता आणि बघून झालं की जसाच्या तसा सोडायचा होता.

लिनक्समध्ये यासाठी पीट्रेस नावाचा सिस्टिम कॉल आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेला जीडीबीसुद्धा लिनक्सवर त्याच्याच आधारानं चालतो. थांबवण्याचा भाग लवकर जमला. खरा वेळ गेला तो सोडण्यात.

पीट्रेस प्रत्येक थ्रेड, म्हणजे प्रोग्रामात समांतर चालणारा प्रत्येक धागा, वेगळा धरतो. प्रत्येकाला वेगळं थांबवायचं, वेगळं सोडायचं. काट्याच्या प्रोग्रामात तीन थ्रेड: एक सिरियल पोर्टवरून वजन वाचणारा, एक पडद्यावर दाखवणारा, एक पावती छापणारा. दोन सोडले आणि एक राहिला, तर वरून प्रोग्राम चालू दिसतो आणि आत एक जण खोळंबलेला असतो. शिवाय थ्रेड पुरता थांबण्याआधीच त्याला सोडायला गेलं, तर कर्नल सांगतो, अशी प्रोसेसच नाही. थ्रेड तर समोर जिवंत असतो! म्हणून कोण चालू आहे, कोणाला थांबायला सांगितलंय आणि कोण खरोखर थांबलाय, याचा हिशेब लायब्ररीनं स्वतः ठेवावा लागतो.

दुसरी गोष्ट सिग्नलची. सिग्नल आल्यामुळे थ्रेड थांबला असेल, तर सोडताना तो त्याला परत द्यावा लागतो, नाहीतर टायमरचा एखादा इशारा कायमचा हरवतो. थांबवण्यासाठी आपण पाठवलेला सिग्नल मात्र आपणच गिळायचा. २०१२ मध्ये लिनक्स ३.४ पासून असा सिग्नल न पाठवताही थ्रेड धरता येतो. मी पुढं तोच मार्ग घेतला.

ब्रेकपॉइंटनं तर घामच काढला. ब्रेकपॉइंट म्हणजे सूचनेच्या पहिल्या बाइटच्या जागी हेक्समधलं ‘सीसी’, म्हणजे थांबायला लावणारी सूचना, बसवणं. तिथं थांबलेला थ्रेड सोडायचा, तर मूळ बाइट परत ठेवायचा, प्रोग्राम काउंटर एक घर मागं घ्यायचा, एकच सूचना चालवायची, सीसी पुन्हा बसवायचं आणि मग मोकळं करायचं. मेमरी सगळ्यांची एकच असल्यानं तेवढ्या वेळात बाकीचे थ्रेड धरून ठेवावे लागतात. एखादा जरी सुटला, तरी तो ब्रेकपॉइंटवरून न अडता निघून जातो. आमचे सर म्हणायचे, “अगं, थांबवलंस कसं ते नको सांगू. सोडल्यावर त्याला काही कळलं का, ते सांग.”

दिवाळीच्या सुट्टीत लोहा, अहमदपूर करत एसटीनं लातूरला गेले. एका संध्याकाळी, आडतीवर गर्दी असतानाच, काटा गोठला. “पोरी, काय बघायचं ते लवकर बघ,” काका म्हणाले. उबुंटू दुसऱ्याच्या प्रोसेसला सहजी हात लावू देत नाही, म्हणून रूटचे अधिकार घेऊन अटॅच केलं. तिन्ही थ्रेडचे स्टॅक समोर आले. छापणारा थ्रेड लॉक धरून प्रिंटरला मजकूर पाठवण्यात अडकलेला. उरलेले दोघे त्याच लॉकसाठी ताटकळलेले. प्रिंटरचा कागद संपला होता. कॉम्प्युटर पुन्हा चालू होईपर्यंत मुलगा सवयीनं रोल बदलून घ्यायचा, त्यामुळे इतके दिवस दोष कॉम्प्युटरवर जात होता.

तिन्ही थ्रेड सोडले, डिटॅच केलं, मग काकांना रोल घालायला सांगितलं. अडलेला कॉल कर्नलनं आपणहून पुढं चालवला होता. पावती निघाली, वजन बरोबर होतं आणि पडद्यावरचा आकडा हलला. मला इतका आनंद झाला की ती पावती मी काकांकडून मागूनच घेतली.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांना तिन्ही स्टॅक पाठवले. त्यांनी लॉक वजनाची नक्कल घेण्यापुरतंच ठेवलं, छपाई बाहेर काढली. माझ्याकडे मात्र एक काम उरलंय. एपोल या सिस्टिम कॉलवर वाट बघणाऱ्या थ्रेडला थांबवून सोडलं, की त्याचा कॉल पुढं न चालता अर्धवट परततो, आणि कच्च्या हातानं लिहिलेला प्रोग्राम तेवढ्यानं कोलमडू शकतो. लायब्ररी आता अटॅच करण्याआधीच तसे थ्रेड शोधून सावध करते. त्यांना धक्का न लावता सोडायचं कसं, यावर सध्या माझं डोकं चाललंय.