पिन बसली, पण बॅटरी चालेना

आमची वस्ती गावापासून दीड कोसावर. रात्री वीज गेली की सगळीकडे काळोख. मागच्या साली कांद्याची पट्टी बरी आली, तेव्हा थोरल्याने पॉवर स्टेशनची पेटी आणली. दिवा, पंखा, नातीचा अभ्यास, सारे तिच्यावर भागू लागले. पण पहाटेआधीच पेटी दम टाकी. म्हणून मी तालुक्याला जाऊन तिला जोडायची जादा बॅटरी आणली. २२ हजार रुपये मोजले. खोक्यावर ठळक छापले होते, ‘सर्व पॉवर स्टेशनना चालते.’ दुकानदारही म्हणाला, “काका, डोळे झाकून न्या.”

घरी पिन नेमकी बसली. पण पेटीवर लाल दिवा लागला. थोरल्याने दोन्हींवरची पट्टी वाचली. पेटीला हवी होती २५.६ व्होल्टची बॅटरी, मी आणलेली ५१.२ ची. या जातीच्या लिथियम बॅटरीचा एक सेल ३.२ व्होल्टचा. आठ जोडले की २५.६, सोळा जोडले की ५१.२. व्होल्ट जुळले तरी कंपनीने ती जोडी चालते असे सांगितलेले असावे लागते. नुसती पिन बसून भागत नाही.

परत गेलो, तर दुकानदाराने पावतीवर बोट ठेवले, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ मी मान खाली घालून घरी आलो. “माझीच चूक,” म्हणालो.

त्यावर आमची मंडळी म्हणाली, “अहो, तुम्ही वाचूनच घेतलीत ना? मग खोटे छापणाऱ्याची चूक तुम्ही का डोक्यावर घेता?” तिने खोके चुलीत घातले नव्हते आणि पावती डाळीच्या डब्यात जपली होती.

थोरल्याने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन लावला. खोक्याचा फोटो आणि पावती जोडून तक्रार नोंदवली. तीन आठवड्यांत पैसे परत मिळाले.

तेव्हा कळले, की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे, विकणाऱ्याने सांगितले तसा माल नसणे हाही दोषच. पावतीत मुदत दिलेली नसेल, तर असा माल ३० दिवसांत परत घेऊन पैसे न देणे ही अनुचित प्रथा ठरते. हेल्पलाइनने काम झाले नाही, तर आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. माल पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही, वकीलही लागत नाही.

शेतकरी बंधूंनो, फसलो की आपण लाजेने गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यावरच खोटे छापणाऱ्यांचे दुकान चालते. बॅटरी घेताना आपल्या पेटीचे नाव, मॉडेल आणि व्होल्ट पावतीवर लिहून घ्या. खोके जपून ठेवा. आणि एवढे करूनही फसलात, तर मान खाली घालू नका.