निरंक

कचेरीच्या मराठीत एक शब्द आहे. कचेरीबाहेर तो सहसा कुणी उच्चारीत नाही. तो शब्द म्हणजे ‘निरंक’. महिन्याचा तक्ता वर पाठवायचा असला आणि त्या महिन्यात काही घडलेच नसले, तर रकाना कोरा सोडायचा नाही. त्यात ‘निरंक’ असे लिहायचे. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी तीस वर्षे हिशेब लिहिले. आमचे हेडक्लार्क सरकारी नोकरीतून आलेले. कोरा रकाना दिसला, की कागद परत! मला त्या शब्दाची मनस्वी चीड येई. नाही ते नाही. ते आणखी लिहून कशाला दाखवायचे?

हेडक्लार्कांनी ह्याचे उट्टे काढले ते माझ्या निवृत्तीनंतर, बदलापुरात, आणि तेही संगणकाच्या हातून.

झाले असे, की रिकामा माणूस म्हणून सोसायटीने मला खजिनदार केले. सोळा बिऱ्हाडांची आमची इमारत. दरमहा मेंटेनन्सची सोळा बिले लिहायची, त्यांत मागची थकबाकी मिळवायची. मुलाने इंजिनिअरिंगला असताना घेतलेले नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ माळ्यावर धूळ खात पडले होते. ते खाली काढले. मुलाच्या जुन्या संगणकावर लिनक्स होतेच. साठी उलटल्यावर मी सी भाषेत बिलांचा प्रोग्रॅम लिहिला! ‘आता हे नवे खूळ,’ एवढाच अभिप्राय आमच्या सौभाग्यवतींनी दिला. पण प्रोग्रॅम चालला, आणि मी असा हरखलो, की मुलाकरवी तो ओपन सोर्स म्हणून साऱ्या जगाला खुला करून टाकला. वाचा, वापरा, दुरुस्त करा! शेवटला शब्द, खरे सांगायचे तर, मी केवळ शिष्टाचार म्हणून घातला होता.

दुसऱ्याच महिन्यात पावत्या फाडताना माझा हात थबकला. सात नंबरने थकबाकीचे ४,६५० रुपये भरले होते. आणि आठ नंबरच्या काकूंनीही नेमके तेवढेच. काकूंची थकबाकी! दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे आणून देणारी इमारतीतली ही एकटी बाई. बाकी पंधराजणांची नोंद कधी ना कधी थकबाकीच्या फायलीत झालेली. काकूंची कधीच नाही.

आणि घोटाळा नेमका त्यामुळेच झाला होता. सी भाषेत व्हेरिएबल म्हणजे नाव लावलेला डबा. तुम्ही म्हणाल, नवा डबा म्हणजे रिकामा असायचाच. मलाही तसेच वाटले होते. पण फंक्शनच्या आत नुसते नाव सांगून जो डबा आपण मागतो, तो घासलेला नसतो. त्या जागेत पूर्वी जे कोणी राहून गेले, त्याचे उरलेसुरले त्यात तसेच असते. मुले त्याला ‘गार्बेज व्हॅल्यू’ म्हणतात. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडविली, तेव्हा यंत्रे लहान आणि त्यांचा क्षणन्‌क्षण मोलाचा. ज्यात लगेच काही भरायचेच आहे, तो डबा आधी घासण्यात वेळ कोण दवडील? माझी आई दाणे मोजण्यापूर्वी मापटे उपडे करून तळाशी दोन टिचक्या मारी. सी भाषा त्या टिचक्या तुमच्यावर सोडते. माझा प्रोग्रॅम एकेक बिऱ्हाड घेई, त्याची थकबाकी फायलीत शोधी, आणि सापडली तर डब्यात घाली. काकूंची सापडली नाही. डब्यात सात नंबरची होती, तीच काकूंच्या बिलावर उमटली.

आमच्या शेजारच्या उल्हासनगरचेच पाहा ना! महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गावाला नवे नाव मिळाले. त्याला पाऊणशे वर्षे उलटून गेली. पण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपण अजून काय म्हणतो? ‘कॅम्प नंबर तीन!’

त्याच संध्याकाळी पैसे घेऊन मी काकूंकडे गेलो. “अहो, बिल पाहिल्यावर विचारायचं नाही का?” मी जरा रागानेच म्हटले, स्वतःची चूक असली की मला दुसऱ्याचा राग येतो. काकू म्हणाल्या, “मला वाटलं, ह्यांचंच काही मागं राहिलं असेल. माणूस गेलं, की असं एकेक निघतंच.”

मी पैसे टेबलावर ठेवले आणि चहा न घेताच परतलो.

रात्री बसून प्रोग्रॅममधल्या झाडून साऱ्या व्हेरिएबलांपुढे मी ‘बरोबर शून्य’ असे लिहून टाकले. गंगेत न्हाल्यासारखे वाटले! ते पुण्य वर्षअखेरपर्यंत टिकले. मग ऑडिटरने विचारले, “बारा नंबरची थकबाकी कुठे गेली?” फायलीत नोंद करताना मी बाराच्या जागी एकवीस लिहिले होते. सोळा बिऱ्हाडांत एकवीस नंबर कुठला सापडणार? मग बारा नंबरची नोंद मिळेना, डब्यात माझे शून्य होते, तेच दरमहा निमूटपणे छापले जाई. काकूंना जास्त आले, त्या बोलल्या नाहीत. ह्या गृहस्थाला कमी आले, तोही बोलला नाही. पहिली चूक निदान डोळ्यांत खुपणारी होती. दुसरीला मी स्वतःच नीटनेटके कपडे घालून बसविले होते.

मुलाला हे सांगितले तेव्हा त्याने मोठ्यांची एक गोष्ट ऐकविली. डेबियन नावाची लिनक्सची एक नामांकित आवृत्ती आहे. तिच्यातल्या ओपनएसएसएलबद्दल, म्हणजे गुप्त किल्ल्या घडविणाऱ्या सामग्रीबद्दल, व्हॅलग्रिंड हे तपासनीस कुरकुरू लागले, की इथे मूल्य न घातलेली जागा वाचली जात आहे. २००६ साली तक्रार मिटविण्यासाठी सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी काढून टाकण्यात आल्या. पण त्यांतल्या एकीवाटेच किल्ल्यांतली सारी यदृच्छा आत येत होती! उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक. आणि तो असून असून किती, तर बत्तीस हजारांच्या घरात. लुसियानो बेल्लो यांनी हे शोधून काढले आणि मे २००८ मध्ये ते जाहीर झाले. तोवर जवळजवळ दोन वर्षे लोक मोजता येण्याजोग्या किल्ल्यांनी आपापली दारे लावीत होते. झाडलोट चांगलीच, पण केरात काय चालले आहे, ते वाकून पाहायला हवे.

माझ्या शिष्टाचाराच्या शब्दाला जागून एका अनोळखी माणसाने दुरुस्ती पाठविली, ती ह्याच सुमारास. आधी मला तिचा रागच आला. थकबाकीच्या व्हेरिएबलला मी ‘ट’ एवढेच नाव दिले होते. त्याने ‘मागील बाकी’ केले. एका ओळीत मी पाच-पाच व्हेरिएबले कोंबली होती; त्याने प्रत्येकाला स्वतंत्र ओळ दिली. म्हटले, हे काय शुद्धलेखन तपासणे आहे? मग कळले, की ह्या लोकांत शिस्तीवरून घराणी आहेत. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ओळ आठ-आठ घरे आत सरकवून लिहावी असा नियम घातला आहे, आणि त्याच लेखाच्या आरंभी दुसऱ्या घराण्याचे नियम छापून, न वाचता, जाळून टाकावेत असा सल्लाही दिला आहे! पण भांडणाच्या तळाशी एकच गोष्ट आहे: लिहिणारा एकदा लिहितो, वाचणारे पुढे कितीतरी वेळा वाचतात. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ असे कोरणाऱ्याला पुढच्या वाचणाऱ्याची आठवण होती. माझ्या ‘ट’ला नव्हती.

खरी दुरुस्ती मात्र निराळीच होती. त्या माणसाने माझे शून्य खोडले होते. शोधणाऱ्या फंक्शनने आता आधी सांगायचे, नोंद सापडली की नाही. न सापडल्यास बिल छापायचेच नाही, थांबून नंबर दाखवायचा. सोबत एकच ओळ होती: हे शून्य कुणी पाहून लिहिले आहे का?

मला एकदम हेडक्लार्क आठवले.

आता फायलीत सोळाही बिऱ्हाडांची नोंद असते. ज्याचे देणे नाही, त्याचीसुद्धा. दर महिन्याला जुनी वही उघडून ती मी हाताने भरतो, आणि देणे नसेल तिथे बिलावर शून्याऐवजी शब्द उमटतो. पहिल्या महिन्यात काकूंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

“निरंक म्हणजे?”

“म्हणजे मी वही पाहिली, काकू. मागचं काही राहिलेलं नाही.”

बिल अजून त्यांच्या यजमानांच्याच नावाने निघते. त्या नावावरून काकूंनी हलकेच बोट फिरविले आणि विचारले, “हे ह्यांच्याच नावावर आहे ना?”

“हो,” मी म्हटले.

मग मात्र मी चहाला बसलो.