धम्मयात्रेची गाडी आणि जड पाणी

आपली कष्टकरी माणसे बौद्ध स्थळांच्या यात्रेला बहुधा वर्गणी काढून आणि खासगी बस ठरवून जातात. लॉजचा खर्च परवडत नाही. पंधरा दिवस गाडीतच झोपायचे, रस्त्याकडेला शेगडी मांडायची. आम्ही नागपूरहून निघून सारनाथ, बोधगया, राजगीर, कुशीनगर आणि लुंबिनी अशी यात्रा केली, तेव्हा जागेच्या अडचणीपेक्षा पाण्यानेच जास्त छळले.

गंगेच्या मैदानात बहुतेक ठिकाणी हातपंपाचे पाणी मिळाले. दिसायला नितळ, पण तूरडाळ शिजता शिजेना, साबणाला फेस येईना, पातेल्याला पांढरा थर बसे. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन म्हणतात, आपल्या आयाबाया जड पाणी म्हणतात. जमिनीतल्या चुनखडीतून झिरपताना पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात, म्हणून ते जड होते.

खरी काळजी निराळीच होती. हे पाणी बाधेल या भीतीने म्हातारी माणसे पाणी पिणेच टाळू लागली. राजगीरला पोहोचेपर्यंत दोघींना चक्कर आणि लघवीला जळजळ सुरू झाली. ज्यांच्याकडे पैसे होते ते बाटल्या विकत घेत, बाकीचे तहान मारत.

बांधवांनो, जड पाणी म्हणजे घाण पाणी नव्हे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा चांगला मानतात, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. हगवण, कावीळ होते ती जंतूंमुळे, आणि जंतू गोड पाण्यातही असतात. मात्र लाल खूण केलेल्या हातपंपाचे पाणी पिऊ नये. त्यात आर्सेनिक असू शकते, आणि ते उकळून जात नाही.

राजगीरपासून आम्ही दोन ड्रम वेगळे केले. नळाचे चांगले पाणी मिळेल तेथे पिण्याचा ड्रम भरायचा, हातपंपाचे पाणी धुण्याभांड्यांना ठेवायचे. हातपंपाचेच प्यायची वेळ आली, तर रात्री खळखळून उकळायचे आणि सकाळी तळाचा पांढरा गाळ न हलवता वरचे ओतून घ्यायचे. उकळल्याने जंतू मरतात, थोडा जडपणाही जातो. डाळ रात्रभर चिमूटभर खाण्याचा सोडा घालून भिजवायची, चिंच-टोमॅटो शिजल्यावरच घालायचे. कपड्यांच्या पाण्यात आधी धुण्याचा सोडा, मग साबण. पातेल्याचा थर लिंबाच्या पाण्याने सुटतो.

कुशीनगरच्या वाटेवर तथागतांना तहान लागली, तेव्हा पाचशे गाड्या गेल्याने ओढा गढूळ झाला होता आणि आनंद तेथून पाणी आणायला कचरत होते, असे महापरिनिब्बाण सुत्तात आहे. भिक्खूंच्या आठ वस्तूंत पाणी गाळण्याचे साधनही असते. प्रवासात पाण्याची दक्षता ही आपल्या धम्माला नवी नाही.

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते पाणी सर्वांचे आहे हे सांगण्यासाठी. मग आपल्याच गाडीत पैसेवाल्याला बाटली आणि गरिबाला तहान असे कसे चालेल? परतीच्या वाटेवर पिण्याच्या ड्रमपाशी एकच नियम होता. आधी आजारी, मग लेकरे, मग म्हातारी माणसे आणि शेवटी आम्ही. पुढच्या यात्रेची वर्गणी काढताना दोन ड्रम आणि सोड्याचा खर्च आधी धरावा. जयभीम.