अडकलेला वायपर

मी तेव्हा सातवीत होतो. धाडला आमच्याकडे एक जुनी जीप होती. मे महिन्यातच बाबांनी मला सांगितलं होतं, "पावसाळा आला. वायपर चालतो का, बघून ठेव." मी न बघताच ठोकून दिलं, "चालतो!"

जूनमध्ये एका संध्याकाळी आजीला ताप भरला. तिला घेऊन बुलढाण्याला निघालो, तर वेशीबाहेरच पावसाने गाठलं. बाबांनी बटण दाबलं. वायपर हलेना! मी घाबरून पुन्हा पुन्हा बटण दाबू लागलो. जळका वास आला, तसा बाबांनी माझा हात धरला.

कसेबसे गाडी वळवून मिस्तरीकाकांकडे आलो. आजी घोंगडी पांघरून बाकावर खोकत बसली.

"काहून जोर लावतो बाबू?" काका म्हणाले. "बटन दाबून गंज निघत नाई, मोटर जळते!"

मोटर फिरत असली की ती स्वतःच उलटा विद्युतदाब तयार करते, म्हणून प्रवाह मर्यादेत राहतो. अडकलेल्या मोटरीला ते जमत नाही. मग प्रवाह भसकन वाढतो आणि आतली तार तापून जळते.

काकांनी मोटर उघडली. आठ महिने वायपर बंद होता. ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट झालं होतं, दांड्याला गंज चढला होता. नशीब, तार शाबूत होती. मी रॉकेलच्या फडक्याने दांतेचाकं पुसली. तारेच्या गुंडाळ्यांना मात्र काकांनी रॉकेल लागू दिलं नाही. गंज काचपेपरने घासला, नवं ग्रीस भरलं, बॅटरीच्या दोन तारा लावल्या. घुर्रर्र! मोटर फिरली.

वाटेत मी खरं सांगून टाकलं. बाबा रागावले नाहीत. आजीच म्हणाली, "आता दर महिन्याला तूच बघायचं."

मित्रांनो, १९०३ साली अमेरिकेत मेरी अँडरसन या बाईंनी काच पुसणाऱ्या वायपरचं पेटंट मिळवलं. पुढे थंडगार स्वीडनच्या साब कंपनीने १९७० च्या सुमारास गाडीच्या दिव्यांनाही इवलेसे वायपर बसवले. त्यांच्या मोटरीही न वापरता पडून राहिल्या की अशाच अडकून बसतात.

अजूनही मी महिन्यातून एकदा काचेवर पाणी टाकून वायपर फिरवतो. कोरड्या काचेवर नाही हं, ओरखडे पडतात! आणि न बघता 'बघितलं' असं म्हणत नाही.