तेरेखोलचा किल्ला आणि मावशीचा बाबू

गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात, केरीच्या सुरूच्या बनापाशी रस्ता संपतो आणि समोर तेरेखोल नदी येते. पलीकडे टेकडीवर किल्ला. तिकडे जायचं तर फेरीबोटीत गाडी चढवायची. पण या वेळी आमच्या आठ वर्षांच्या लेकीला किल्ल्याची घाई नव्हती. तिला केरीतल्या मावशीचा बाबू बघायचा होता.

बाबू म्हणजे कॉकाटील. मूळचा ऑस्ट्रेलियातला पक्षी, डोक्यावर तुरा, गालावर केशरी टिळा. हा सतरा वर्षांचा आहे. आमचा किट्टू मात्र गेल्या वर्षी चौथ्या वर्षीच गेला. डॉक्टर म्हणाले, यकृतावर चरबी साठली होती. सूर्यफुलाच्या बिया त्याला आवडायच्या, म्हणून आम्ही वाटी भरून ठेवायचो. लाड केले असंच वाटत होतं. लेक दुसरा पक्षी मागत होती आणि बायकोनं सांगितलं होतं, आधी काय चुकलं ते समजून घेऊ.

चांगली काळजी घेतली तर कॉकाटील पंधरा-वीस वर्षं जगतो. मावशी वेगळं काय करते ते आम्ही दोन दिवस पाहिलं. सकाळी राळा आणि पक्ष्यांचे पेलेट्स, त्यासोबत किसलेलं गाजर, तांबडी भाजी, शेवग्याचा पाला. सूर्यफुलाच्या बिया फक्त बक्षीस म्हणून, दोन-चार. चहा, चॉकलेट, फरसाण, अवोकाडो अजिबात नाही. पिंजऱ्यात बसायला पेरूच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या, म्हणजे पाय दुखत नाहीत. कॅल्शियमसाठी समुद्रफेस. तो ती केरीच्या किनाऱ्यावरून वेचून आणते, काही दिवस गोड्या पाण्यात भिजवते, रोज पाणी बदलते, मग उकळून उन्हात वाळवते.

तिच्या स्वयंपाकघरात नॉनस्टिक तवा नाही. असा तवा जास्त तापला की त्यातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो. आमच्यासारख्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

रात्री आठला मावशीनं पिंजऱ्यावर कापड टाकलं. लेक हिरमुसली, तर म्हणाली, "अगो, पाखराक भूक लागता तशी झोपय लागता." दहा-बारा तास शांत झोप. काळोखात दचकून हा पक्षी पिंजऱ्यात धडपडतो, म्हणून बारीक दिवा मात्र चालू.

दर रविवारी ती बाबूला स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर बसवते आणि कॅलेंडरवर आकडा लिहिते. पक्षी आजार लपवतो. पिसं फुगवून गप्प बसलेला दिसेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. वजन आधी सांगतं. मी ऑफिसात सर्व्हरचे आकडे दिवसभर बघतो, पण किट्टूचं वजन एकदाही केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फेरीनं पलीकडे गेलो. तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर असूनही गोव्यातच आहे. जरा पुढे सिंधुदुर्ग. सावंतवाडीच्या भोसल्यांचा हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. आत सेंट अँथनीचं चर्च आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी इथे तिरंगा फडकावला, हे सांगितल्यावर लेक तटावरून समुद्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, मग बाबूलाही सोडायला नको का?"

वर घार फिरत होती. मी ती दाखवली. पिंजऱ्यातच जन्मलेल्या बाबूला इथे दाणा शोधता येणार नाही, घार-कावळ्यांपासून लपता येणार नाही. आपल्या रानातला पोपट पकडून पाळणं तर १९७२ च्या कायद्यानं गुन्हाच आहे. बाबूला मोकळीक म्हणजे रोज खिडक्या लावून, पंखा बंद करून, खोलीभर तासभर उडणं. मावशी ती चुकवत नाही. तिला हे पटलं की नाही, कळलं नाही.

परतीच्या फेरीत तिनं विचारलं, "आत्ता आणला तर वीस वर्षांनी मी केवढी असेन?"

"अठ्ठावीस."

ती बोटं मोजत बसली. पक्षी अजून आणलेला नाही. नॉनस्टिक तवा मात्र टाकून दिलाय आणि केरीला वेचलेला समुद्रफेस आमच्या बाल्कनीत वाळतोय.